उपाशी पोटाचा नियम

व्यायामाआधी खावं की नंतर, हा प्रश्न कोणी विचारला की मी आधी चष्मा पुसतो. तेवढाच वेळ मिळतो. विचारणारे बहुधा निवृत्त असतात, पायात नवेकोरे पांढरे बूट असतात, आणि मी आयुष्यभर शिट्टी वाजवली म्हणजे मला उत्तर ठाऊक असणार अशी त्यांची भाबडी समजूत असते. आता खरं सांगायला हरकत नाही. या प्रश्नाचं उत्तर मी अकरा वर्षं मोठ्या आवाजात देत होतो आणि अकरा वर्षं ते चुकीचं होतं.

मी लाखनीजवळच्या एका शाळेत शारीरिक शिक्षणाचा शिक्षक होतो. गाव मला पी.टी. गुरुजी म्हणायचं. हा धंदा बाहेरच्यांना नीट कळत नाही, म्हणून दोन शब्द. शाळेत पी.टी.चा तास म्हणजे गणिताचा अभ्यासक्रम मागे पडला की उसना घ्यायचा तास. उसना घेतलेला तास परत आलाय असं माझ्या नोकरीत एकदाही झालं नाही. मैदानावर फक्कीच्या रेघा मारायच्या, दुपारी शेळ्यांनी त्या पुसायच्या, संध्याकाळी पुन्हा मारायच्या. पंधरा ऑगस्टला मात्र सगळ्यांना आमची आठवण यायची, कारण दीडशे पोरांना एकाच वेळी डावा पाय उचलायला लावणं हे काम मराठीच्या गुरुजींना जमत नसे. त्या दिवशी मी छाती अर्धा इंच जास्त काढून चालायचो, कबूल आहे.

पण माझा खरा जीव होता सकाळच्या वर्गात. हा वर्ग शाळेचा नव्हता, पगाराचा नव्हता, माझा होता. पोलीस, सैन्य, वनखातं अशा कुठल्या भरतीला जाणारे आसपासच्या गावांतले तरुण पहाटे पाच वाजता तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, जमायचे. मी पळवायचो, चालवायचो, दंड-बैठका काढून घ्यायचो. त्यांतले किती नोकरीला लागले ते मी मोजलेलं नाही. पण रस्त्यावर एखादा खाकीतला माणूस ट्रक थांबवून माझ्या पाया पडायला आला की मागच्या गाड्यांचे हॉर्न मला सनईसारखे वाटायचे.

या वर्गाचा पहिला नियम होता, उपाशी पोटी या. प्रशिक्षण घेताना आमच्या उस्तादांनी हे आमच्या डोक्यात ठोकून बसवलं होतं. पोट भरलेलं असलं की रक्त पोटाच्या चाकरीत राहतं, पायांना मिळत नाही, बरगडीखाली कळ येते, ओकारी होते. यातलं खोटं काहीच नव्हतं. माझी खात्री पटवायला तर एक जिवंत पुरावाच चालून आला. गावातल्या भातगिरणीचे मालक शेठजी, वजन असं की सायकलरिक्षावाला त्यांना पाहून गल्ली बदलायचा. डॉक्टरनी व्यायाम सांगितला म्हणून ते माझ्या वर्गात आले. तिसऱ्या दिवशी पाळीवरच आडवे झाले आणि पोटातलं सगळं बाहेर काढलं. मी विचारलं, "शेठजी, खाऊन आलात का?" म्हणाले, "नाही हो गुरुजी, नुसती आलुभजी. रस्त्यावरचं हॉटेल उघडंच होतं, ट्रकवाल्यांसाठी." किती, ते मी विचारलं नाही, समोर दिसतच होती. त्या दिवसापासून माझा नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ झाला. जो उपाशी येणार नाही, त्यानं येऊच नये.

देवचंद याच गिरणीत पोती उचलायचा. तलावाच्या पलीकडच्या गावचा, वय चोविशीचं, अंगानं सडसडीत, बोलणं इतकं कमी की आठवडाभर मला वाटलं याला ऐकायला येत नाही. त्याला वनरक्षक व्हायचं होतं. त्याचे आजोबा जंगलातून डिंक-मोहफुलं आणायचे, आणि जंगलाची वाट त्याच्या अंगातच होती. वनरक्षकाच्या भरतीत मोठी परीक्षा चालण्याची: चार तासांत पंचवीस किलोमीटर. पळायचं नाही म्हणून लोकांना ती सोपी वाटते. चालून पाहा म्हणजे कळेल. पळण्यात माणूस दहा मिनिटांत हरतो किंवा जिंकतो. चालण्यात चार तास स्वतःशीच भांडावं लागतं.

देवचंदचं चालणं पाहत राहावं असं होतं. पाऊल जमिनीला लागायचं ते आवाज न करता, खांदे जराही हलायचे नाहीत. पहिले दहा-बारा किलोमीटर त्याच्याबरोबर सायकल हळू चालवायची म्हटली तर माझाच तोल जायचा. पण त्यानंतर काहीतरी व्हायचं. डोळे खोल जायचे, पाऊल तिरपं पडायचं. मी सायकलवरून ओरडायचो, "देवचंद, दम वाढव! जिद्द पाहिजे, जिद्द!" तो मान हलवायचा. वर्गाच्या वहीत प्रत्येकाच्या नावापुढे मी शेरे लिहायचो. त्याच्या नावापुढे लिहिलं, "चाल उत्तम. दम कमी."

पहिल्या वर्षी परीक्षेला मी सोबत गेलो. सोबत आलेल्यांना मागून सायकलवर यायला मोकळीक होती, फक्त उमेदवाराला हात लावायचा नाही आणि काही द्यायचं नाही. अठराव्या किलोमीटरच्या दगडाशी देवचंद थांबला आणि रस्त्याच्या कडेला मोहाच्या झाडाखाली असा बसला, जणू कोणी त्याच्या पायातली हाडं काढून घेतली. डोळ्यांपुढे अंधारी. बाद झाल्यावर मी धावत गेलो. त्याच्या पिशवीत ॲल्युमिनियमचा डबा होता, बायकोनं दिलेला भात आणि घट्ट वरण. झाकणसुद्धा उघडलेलं नव्हतं.

"अरे, हे खा आता."

"व्यायाम झाल्यावर खायाचं ना, गुरुजी," तो म्हणाला, "माहा तं झालाच नाई अजून."

ते ऐकून मला काय वाटलं माहीत आहे? अभिमान वाटला. केवढा शिस्तीचा शिष्य! घरी येऊन मी पत्नीला, मंदाला, हे कौतुकानं सांगितलंसुद्धा. ती भाजी निवडता निवडता थांबली, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा भाजी निवडायला लागली. तिच्या त्या बघण्याचा अर्थ मला पुढे सात-आठ महिन्यांनी कळला. आज त्या अभिमानाची लाज वाटते.

वयाची अट होती. पुढचं वर्ष देवचंदचं शेवटचं. ते हुकलं की जन्मभर गिरणीतली पोती.

त्यानं पुन्हा सराव सुरू केला, तोच नियम, तोच मी. रोवणीचे, म्हणजे भातलावणीचे, दिवस होते. एका पहाटे, अजून साडेचार व्हायचे होते, आमच्या दाराची कडी वाजली. दारात एक बाई. लुगड्याचा काष्टा मारलेला, पायांवर कालचा सुकलेला चिखल, हातात झाकलेलं पितळी गंज, आमच्याकडचं पातेलं. उंची माझ्या खांद्याएवढी, पण उभी अशी होती की मीच अर्धं पाऊल मागे सरकलो.

"मी देवचंदाची बायको. कौशल्या."

"या, बसा. काय झालं?"

"बसाले येळ नाई. रोवणीले जाऊन राहिली. तुमाले एक पुसाचं होतं." ती उंबऱ्याच्या आत आली, पण बसली नाही. "गुरुजी, बैलाले जुपायच्या आंधी तुमी तणस टाकता का नाई?"

"मला बैल नाही."

"ज्याइच्याकडं आय, ते टाकतात. मंग माणसाले काहून नाई? यायले मी रोज म्हणतो, कणकीची पेज प्या, वाटीभर प्या. तं म्हणते, गुरुजीचा नियम आय. रातच्या दिवाबत्तीले जेवते हा माणूस. तुमच्याकडून परस्पर गिरणीत जाते. बारा वाजता भात भेटते त्याले. तुमीच हिसाब करा, किती तास झाले?"

मी हिशेब केला नाही. मी नियम समजावून सांगायला लागलो. रक्त, पोट, पाय, बरगडीखालची कळ. शेठजींच्या आलुभजीचा दाखलाही दिला. ती ऐकत होती, पण तिची नजर माझ्या चेहऱ्यावर नव्हती. माझ्या हातावर होती. तेव्हा मलाही कळलं की माझ्या हातात पेला आहे, आणि दुसऱ्या हातातला टोस्ट मी दुधाळ चहात बुडवून धरला आहे. तो बिचारा भिजून अर्धा पेल्यात पडला.

"हे काय आय, गुरुजी?"

"हा... चहा."

"आन हे?"

"टोस्ट."

"किती खाता?"

"दोन. कधी तीन." माझ्याच शाळेतल्या मुलासारखा मी उत्तरं देत होतो.

"मंग तुमी उपाशी कुठं आहा?"

आतून मंदा हसल्याचा आवाज आला. खरोखर, देवाशपथ सांगतो, तोवर मी स्वतःला उपाशीच समजत होतो. रात्री नऊला पोळी-भाजी, वर दूध; पहाटे दुधाळ चहा आणि टोस्ट; आणि मी पाळीवर जाऊन छातीवर हात ठेवून सांगत होतो, "मीसुद्धा उपाशी पोटी येतो!" आमच्या घरात चहाबरोबरचं खाणं खाण्यात धरायची पद्धतच नव्हती. आणि देवचंद पेजेचं वरचं पाणीसुद्धा खाण्यात धरत होता. शब्द एकच, पण माझ्या उपासात दूध-टोस्ट होते आणि त्याच्या उपासात फक्त उपास होता.

कौशल्यानं गंज ओट्यावर ठेवलं. "ही पेज आय. त्याले तुमच्या हातानं द्या. माह्या हातची तो पिऊन नाई राहिला, तुमच्या हातची पिल." आणि ती चिखलाच्या पायांनी अंधारात निघूनही गेली. त्या बाईनं मला चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. तिनं मला जेवायला घालायचं काम सोपवलं.

त्या पहाटे अकरा वर्षांत पहिल्यांदा मी वर्गासमोर म्हणालो, "माझं चुकलं." पोरं एकमेकांकडे बघायला लागली. गुरुजींना ताप आलाय की काय, असा भाव. देवचंदनं पेजेची वाटी हातात घेतली आणि दोनदा माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "पी." तो प्यायला. पाठ फिरवून प्यायला, जणू काही चोरी करतोय.

मग सुरू झाली खरी शिकवणी, आणि शिकवणारी होती कौशल्या. मी पुस्तकातलं रक्ताभिसरण आणायचो, ती शेतातला अनुभव. नियम उलटा करून मी उत्साहाच्या भरात देवचंदला एक दिवस पोटभर भात खायला लावला, तर तो पाचव्या किलोमीटरला बरगडी धरून वाकला. कौशल्या म्हणाली, "गुरुजी, तुमाले एक तं उपास समजते, नाई तं पंगत. मधलं काई समजत नाई का?" रोवणीला निघालेल्या बाया काय करतात ते तिनं सांगितलं. पोटभर कोणी खात नाही, वाकता येत नाही. उपाशीही कोणी जात नाही, दुपारपर्यंत पाय चिखलातून निघत नाही. कोंबडं आरवलं की वाटीभर पेज, त्यात मूठभर मऊ शिजलेली कणकी, म्हणजे तांदळाची कणी, मीठ, आणि वर कांदा चावायचा. मग घरातलं झाडून-पुसून, शेणपाणी करून निघेपर्यंत ती पेज जिथं जायची तिथं जाते. हे शास्त्र तिला तिच्या आईनं दिलं होतं, तिच्या आईला तिच्या आईनं. मी प्रशिक्षणात शारीरिक शिक्षण शिकलो, पण शरीर कशावर चालतं हे मला एका न शिकलेल्या बाईनं, ओट्यावर गंज ठेवून शिकवलं.

महिनाभरात देवचंद वीस किलोमीटरला हसायला लागला. हसणं म्हणजे ओठाचा एक कोपरा वर जायचा, पण त्याच्याबाबत ते खूप होतं. त्याच्या नावापुढचं "दम कमी" मी खोडलं. वहीची इतर पानं उलटायचं धाडस तेव्हा झालं नाही.

परीक्षा थंडीत आली, पवनीकडच्या रस्त्यावर. कौशल्यानं कोंबडं आरवल्यावर पेज दिली, सगळं वेळेवर. पण नदीवरून धुकं असं उतरलं होतं की हातभर पुढचं दिसेना. मोटारींच्या रस्त्यावर उमेदवार सोडणं बरं नाही म्हणून सगळे थांबले. एक तास गेला, दीड गेला, दोन झाले. उमेदवार शेकोटीला हात धरून उभे. मी घड्याळाकडे पाहत होतो आणि मनात ती वाटीभर पेज कुठवर उतरली असेल याचा हिशेब करत होतो. हा हिशेब मी आयुष्यात पहिल्यांदाच करत होतो.

शेवटी सोडलं. देवचंद निघाला तो त्याच जुन्या, बिनआवाजाच्या पावलांनी. दहा, बारा, पंधरा. मी सायकलवर मागे. सोळाव्यानंतर त्याचं पाऊल तिरपं पडलं. मला ते पाऊल ओळखीचं होतं. सतराव्याला डोळे खोल गेले. पुढे पुन्हा अठराव्याचा दगड, आणि त्याचं शेवटचं वर्ष.

दगडाच्या थोडं अलीकडे त्याचा हात सदऱ्याच्या खिशाकडे गेला. त्यानं कापडाची एक लहान पुरचुंडी काढली. कौशल्यानं मला न विचारता, न सांगता दिलेली. चालता चालता त्यानं ती उलगडली. फुटाणे आणि गुळाचे खडे. पेजेचं आमचं ठरलं होतं, पण व्यायाम चालू असताना खाणं? ते माझ्या वर्गात महापाप होतं, आणि ते मी अजून कुठे रद्द केलं नव्हतं. स्वतःजवळचं खायला परीक्षेत मनाई नव्हती. मनाई फक्त माझी होती.

देवचंदनं हात तसाच ठेवला आणि मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

अजूनही तो माझी परवानगी मागत होता. पाय लटपटतायत, आयुष्यभराची नोकरी सात किलोमीटरवर उभी आहे, मूठभर गूळ हातात आहे, आणि हा माणूस ज्यानं त्याला उपाशी मारलं त्यालाच विचारतोय. मला रडू आलं. सायकलवर बसून, भर रस्त्यात. आणि मी त्या मोठ्या, मैदानावरच्या आवाजात ओरडलो, "खा! अरे खा रे बाबा, खा!"

मागून येणारा दुसरा एक उमेदवार दचकून बाजूला झाला. देवचंदनं मूठ तोंडात टाकली. विसाव्याला त्याचे खांदे पुन्हा स्थिर झाले. चार तास व्हायला सहा मिनिटं बाकी असताना त्यानं शेवटची रेघ ओलांडली, आणि ओठाचा एक कोपरा वर गेला.

कौशल्या पलीकडे उभी होती. तिनं आधी त्याच्या सदऱ्याचा खिसा चाचपून पाहिला. रिकामा होता. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "खाल्लं म्हणायचं."

त्या आठवड्यात मी ती वही उघडली. "दम कमी" असे शेरे पानोपानी होते. त्यातला एक शालिकराम, माझ्या दुसऱ्या का तिसऱ्या वर्षाचा, पोलिसात जायची फार हौस असलेला. मीच त्याला सांगितलं होतं, "हे तुझं काम नाही." आता तो बसस्टँडजवळ चहाची टपरी चालवत होता. गेलो. चहा घेतला. मग विचारलं, "शालिक, त्या वर्षी माझ्याकडे येत होतास, तेव्हा रात्री काय जेवायचास?"

तो जरा चकित झाला. मग केटली खाली ठेवून म्हणाला, "रातचं? मोठं खटलं होतं आमचं गुरुजी, भाऊ लहान होते. त्यायचं झाल्यावर जे राहे, ते. आता काहून पुसून राहिले?"

मी खिशातून चहाचे पैसे काढले. त्याला सांगून आता उपयोग नव्हता, त्याचं वय केव्हाच निघून गेलं होतं. त्यानं ते घेतले नाहीत. तो चहा मला अजून आठवतो, आणि गोड लागत नाही.

त्यानंतर माझ्या वर्गाचा पहिला नियम बदलला. नव्या आलेल्या प्रत्येकाला मी आधी हाच प्रश्न विचारायचो, काल रात्री काय जेवलास? उत्तर ऐकून मग शिट्टी. मंदा पहाटे मोठ्या गंजात पेज करायला लागली. टोस्टसुद्धा असायचे, आणि ते आम्ही खाण्यात धरायचो.

मी निवृत्त झालो त्या दिवशी शाळेत समारंभ होता. शाल, नारळ, भाषणं. मुख्याध्यापकांनी माझ्या शिस्तीचं फार कौतुक केलं. तेवढ्यात मागून खाकी गणवेशातला देवचंद उठला, आणि त्याच्या पुढे कौशल्या. तिच्या हातात नव्या तांदळाची लहान थैली, आणि वर बेकरीतला टोस्टचा पुडा, सुतळीनं बांधलेला. तिनं तो टेबलावर शालीच्या शेजारी ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "गुरुजी, आता तं उपाशी नोका राहू."

सभागृह हसलं. त्यांना वाटलं, बाई खेडवळ, काहीतरी भोळं बोलली. देवचंद हसला नाही, मीही नाही. मी तिच्या पाया पडायला वाकलो, तर ती दोन पावलं मागे सरकली. त्या पहाटे मी सरकलो होतो तशी.